४०० वॅटमध्ये खोली गरम होत नाही, होत नाही, होत नाही

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. आईनं हीटर मागवलाय, २,७९९ रुपयांना. तळहातात मावेल एवढा डबा, मागे पिना, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा, पुढे जाळी आणि वर लाल आकडे. मोबाईलवर जाहिरात बघितली तिनं. त्यात आजी अंगावरची शाल काढून ठेवते, नातू बनियनवर खेळतोय, खिडकीबाहेर बर्फ पडतंय, आणि खाली 'फक्त २ मिनिटांत संपूर्ण खोली उबदार, ८०% वीज बचत', ६,९९९ वर काट मारलेली. आईचे गुडघे थंडीत आखडतात, पहाटे उठल्यावर पलंगाची कड धरून पाच मिनिटं नुसतं बसावं लागतं तेव्हा कुठे पाय जमिनीवर ठेवता येतो, आणि निफाड तालुक्यातली पहाट काय असते ते ज्यांनी काढलीय त्यांनाच माहीत. तिनं कुणाला न विचारता पेन्शनच्या पैशातून घेतला.

मी पोचले तेव्हा स्वेटर, शाल, कानटोपी सगळं घालून हीटरच्या वीतभर जवळ खुर्ची ओढून बसली होती. खोली गारठलेली, आणि डब्यावर ३२. म्हटलं हे ३२ काय गं? तर म्हणे खोलीचं तापमान. अगं आई, ते तू बटण दाबून लावलेलं तापमान आहे, खोलीचं नाही! दादाचा बागेतला थर्मामीटर आणला, थंडी पडली की द्राक्षाचे मणी तडकतात म्हणून तो रात्री-अपरात्री उठून ज्याच्यात बघतो तो, आणि पलंगाच्या डोक्याशी खिळ्याला लावला. ९ वाजता साडेअकरा डिग्री. दार लावलं, खिडकीच्या फटीत जुनी साडी कोंबली, हीटर फुल. ११ वाजता १३. दोन तासांत दीड डिग्री, आणि डब्यावर आपलं ३२.

मग खोका उलटापालटा करून बघितला. पुढच्या बाजूला भलीमोठी ज्वाला आणि ८०%. वॅट कुठे? तळाला, बारकोडच्या शेजारी, मला चष्मा लावून वाचायला लागलं इतक्या बारीक अक्षरात: ४०० वॅट. आई काय वाचणार ते.

४०० वॅट म्हणजे जुने शंभरचे चार पिवळे बल्ब. पोल्ट्रीवाले पिल्लांना ऊब द्यायला असे बल्ब लावतात, पण ते पत्र्याच्या गोलात, पिल्लांच्या डोक्यावर, अख्ख्या शेडला नाही. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट ऊब बाहेर पडते, म्हणजे शेजारच्या चार बायका आईजवळ गप्पा मारत बसल्या असत्या तरी खोलीला तेवढीच ऊब मिळाली असती. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंच, तिच्यात नुसती हवाच चाळीसेक किलो भरते, ती १० डिग्रीनं तापवायला ४०० वॅटला १७ मिनिटं लागतात, आणि तेही भिंती, फरशी, स्लॅब, कपाट कुणीच काही उष्णता ओढून घेत नाही असं धरून. खऱ्या घरात तर सगळी ऊब भिंतीच पितात. हे २ मिनिटं कुठून आणतात?

आणि ते ८०%! यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. मोठा हीटर २००० वॅटचा असतो, हा ४०० चा, म्हणजे वीज ८०% कमी लागते, बरोबर आहे, पण उष्णताही ८०% कमीच मिळते ना! अर्ध्याहून कमी जेवण वाढायचं आणि अन्न वाचवलं म्हणून वरून पैसे घ्यायचे असला प्रकार आहे हा. सिरॅमिक घ्या, क्वार्ट्झ घ्या, इन्फ्रारेड घ्या, तेलाचा घ्या, १ युनिट विजेतून १ युनिटचीच उष्णता निघते, ती अंगावर पडते की हवेत जाते की तेलात थोडा वेळ टिकते एवढाच काय तो फरक. घरात त्याच्याहून जास्त ऊब देणारं एकच मशीन आहे, गरम-थंड एसी, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो. बाकी सगळी कॉइलच. बाजारपेठेतल्या दुकानात २००० वॅटचा, आयएसआयवाला ब्लोअर याच्या निम्म्या किमतीत मिळतो हो! त्याला मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो आणि मीटर पळतं, पण दुकानदार ते तोंडावर सांगतो. आणि या बचतवाल्या डब्याचं बघाल तर रोज रात्री ८ तास लावला की ३.२ युनिट, महिन्याला ९६. आईचं बिल ८०-९० युनिटचं येतं, ते सरळ १०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये जाणार, आणि तिथला दर काय आहे ते बिल भरणाऱ्या प्रत्येकाला माहितीय.

सकाळी डबा काढला तर सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. सॉकेट जुनं आणि सैल आहे, मान्य, पण खेड्यापाड्यात जुन्या घरातली सॉकेटं असतातच सैल, तिथे एवढा वजनाचा डबा पिनांवर लटकवून रात्रभर चालवा म्हणून सांगायचं? वर आयएसआयचा शिक्का नाही. रूम हीटरला तो सक्तीचा आहे, तरी राजरोस विकतायत.

कस्टमर केअरला ४० मिनिटं लागली लागायला. मुलगा म्हणाला, मॅडम हा पर्सनल हीटर आहे, खोलीचा फोटो फक्त दाखवण्यापुरता असतो. म्हटलं अरे 'संपूर्ण खोली' असं लिहिलंय तुम्ही, मराठीत लिहिलंय, ते माझ्या आईनं वाचलं. म्हणाला खोली आधी बंद करून बघा. केली होती. मग म्हणे वापरलेली इलेक्ट्रिक वस्तू परत घेत नाही. न वापरता कसं कळणार तापत नाही ते? फोन कट.

हे असंच चाललंय वर्षानुवर्षं. मामांनी ते बिल कमी करणारं यंत्र आणलेलं, सॉकेटला लावा आणि ४०% वाचवा, आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा, घरगुती मीटर युनिट मोजतं, त्या कपॅसिटरनं युनिटात काय फरक पडणार होता? वहिनीनं उन्हाळ्यात 'मिनी एसी' घेतला, तो निघाला पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यासमोरचा पंखा. डास पळवणारं आवाजाचं यंत्र, त्याच्यावरच डास बसलेले मी डोळ्यांनी बघितलेत. सगळीकडे तीच काट मारलेली किंमत, तेच 'स्टॉक संपत आलाय', आणि गिऱ्हाईक म्हणून धरायचं कुणाला तर ज्याचं दुखतंय त्याला, ज्याला झोप येत नाही त्याला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. मग यांना भीती का वाटत नाही? मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, खोका, बिल, थर्मामीटरचे फोटो सगळं जोडून, आणि मी सोडणार नाहीये.

आईला आत्ता गरम पाण्याची पिशवी दिलीय गुडघ्याला, वर दोन गोधड्या. मघाशी ती मोबाईल घेऊन आली. तीच आजी, तीच शाल, तोच बनियनवरचा नातू, नाव फक्त दुसरं आणि किंमत १,२९९. म्हणाली, "बघ गं, हा तरी चांगला असेल का?"