कातडीवरच्या करंटाने दमा जात नाही

सोयाबीनची मळणी लागली की धुळीने आपल्याकडे धापेवाल्यांचे हाल सुरू होतात. अशात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: छाती-पाठीला पट्ट्या चिकटवा, मशीनचा हलका करंट घ्या, दमा, सीओपीडी (धुराने-बिडीने फुप्फुस झिजण्याचा आजार), जुना खोकला मुळापासून जाईल, पंप (तोंडाने ओढायच्या औषधाचा इनहेलर) फेकून द्या. हे वाचून कोणी खरंच पंप बंद करू नये, म्हणून लिहितो आहे.

'करंटाने फुप्फुसाच्या नसा मोकळ्या होतात.' होत नाहीत. या मशीनला टेन्स म्हणतात. फिजिओथेरपीत ती कंबर-गुडघ्याच्या दुखण्यासाठी वापरतात. कातडीखाली मुंग्या आल्या की दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेला हा सिद्धांत वेदनेचा आहे. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, आवळतात, चिकट कफाने भरतात. वरच्या मुंग्यांनी ती सूज उतरत नाही. आणि चुलीच्या धुराने, बिडीने फुप्फुस झिजलं असेल, तर ती झीज कोणत्याच मशीनने भरून येत नाही.

'परदेशात सिद्ध झालं आहे.' सीओपीडीच्या रुग्णांना ॲक्युपंक्चरच्या (सुया टोचायच्या उपचाराच्या) बिंदूंवर करंट देऊन छोटे अभ्यास झाले, काहींत धाप थोडा वेळ कमी झाली. रोग गेला नाही. फार अशक्त रुग्णांच्या मांड्यांना करंट देऊन स्नायूंत ताकद आणतात, पण तो पायांचा उपचार झाला.

'मले तं लगेच बरं वाटलं न!' वाटलं असेल. चालत आलेला माणूस अर्धा तास टेकून बसला की धाप बसतेच. करंटाच्या आधी आणि नंतर पीक फ्लो मीटरमध्ये (श्वासाचा जोर मोजायच्या साधनात) फुंकायला लावा, श्वासात किती फरक पडला ते आकड्यात दिसेल.

'पंपाची सवय लागते.' सगळ्यात घातक आणि चुकीचं वाक्य हेच. आवळलेली श्वासनळी मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची असते; पंपाच्या दोन फवाऱ्यांत तेच औषध 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या भागाइतकं, आणि ते थेट श्वासनळीत जातं. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप वेगळा, तो रोज घ्यायचा असतो. तो सोडला की सूज आतल्या आत वाढते आणि एका रात्री जोराचा अटॅक येतो. पुष्कळांना पंप लागू पडत नाही, कारण फवारा जिभेवरच बसतो. श्वास पूर्ण सोडा, फवारा दाबत सावकाश आत ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. जमत नसेल तर स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मधे धरायची पोकळ नळी) वापरा. त्यालाही पैसे नसतील तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास ओढा. दक्षिण आफ्रिकेत दम्याच्या मुलांवर हे तपासलं गेलं, नीट सील केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली.

'साइड इफेक्ट नाही.' पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट ठेवणारं मशीन) बसवलेल्याला हा करंट धोक्याचा आहे, गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कोणालाच लावू नये. शिवाय 'जुना खोकला' म्हणून पट्ट्या लावत बसलात आणि निघाला टीबी, तर तोवर घरातल्या लेकराबाळांना लागण होते. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि टीबीची औषधं फुकट आहेत.

आणि माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर सालब्युटामॉलच्या पंपाचे फवारे चालू ठेवून लगेच 108 ला फोन करा.