आपोआप होणाऱ्या गोष्टी

सांगलीतल्या ज्या पतसंस्थेचे नेटवर्क मी सांभाळतो, तिच्यात मिरजेची एक लहान संस्था विलीन झाली, तेव्हा संचालकांनी पेढे वाटले आणि दोन्हीकडच्या संगणकांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम माझ्या गळ्यात घातले. मिरजेचे अंतर्गत डोमेन, म्हणजे तिथल्या संगणकांच्या नावांचे घराणे, वेगळे आहे. तिथला सर्व्हर इकडून सापडेनासा झाला की आमच्या कॅशियर बाई "नेट गेलं!" असे जाहीर करतात, आणि नेट शाबूत असून केवळ नावावरून सर्व्हरचा आकडी (आयपी) पत्ता सापडत नाही हे मी त्यांना पटवून देईपर्यंत काउंटरची रांग जिन्यापर्यंत पोहोचलेली असते.

यावर उपाय दोन आहेत आणि सर्व्हर चालवणाऱ्या विंडोज सर्व्हर २००३ या प्रणालीपासून दोन्ही हाताशी आहेत. पहिला कंडिशनल फॉरवर्डर. मिरजेच्या डोमेनमधले कोणतेही नाव विचारले गेले की तो प्रश्न नेमून दिलेल्या आयपी पत्त्याकडे धाडायचा आणि तयार उत्तर घेऊन यायचे. मार्केट यार्डातला हळदीचा दर नेहमी एकाच अडत्याला फोन करून विचारावा, तसा हा कारभार आहे. अडत्याने नंबर बदलला की आपण नुसती रिंग ऐकत बसायचे.

दुसरा उपाय स्टब झोन. त्यात मिरजेच्या साऱ्या नोंदी नसतात, तर फक्त एसओए नोंद (डोमेनची मुख्य नोंद), नेमसर्व्हरांची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांची, नावे आणि त्यांचे पत्ते असतात, आणि ही यादी एसओएमध्ये दिलेल्या मुदतीने स्वतःच ताजी होत राहते. मात्र आमचा सर्व्हर यादीतल्या कोणत्याही नेमसर्व्हरला थेट जाऊन विचारू शकतो, म्हणून त्या सगळ्यांकडे जाणारे ५३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे अशा चौकशीचे दार, यूडीपी आणि टीसीपी या निरोप धाडण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी, फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहाऱ्यात, उघडून घ्यावे लागते. फायरवॉल सांभाळणारे गृहस्थ त्यासाठी लेखी अर्ज, साहेबांची सही आणि चहा मागतात. सही उशिरा आली तर त्यांचे चालते, चहा उशिरा आलेला चालत नाही.

माझ्या मते निवड करताना पलीकडच्या माणसाचा स्वभाव आधी पाहावा. जो बदलाची सूचना वेळेवर लेखी देतो, त्याच्यासाठी फॉरवर्डर उत्तम, कारण त्याला एक-दोन पत्ते पुरतात आणि चहाही वाचतो. मिरजेचे अण्णा अत्यंत सज्जन आहेत, परंतु सर्व्हर बदलल्याचे कळवणे त्यांना आगाऊपणाचे वाटते. म्हणून त्यांच्यासाठी मी स्टब झोन केला आणि आता यादी आपोआप बदलेल, असे त्यांना फोनवर सांगितले. ही यादी ज्या मास्टर सर्व्हरांकडून आणायची त्यांचे पत्ते मात्र हातानेच भरावे लागतात, आणि त्यांपैकी एक तरी जागा असावा लागतो, हेही बजावले होते.

पुढे एका सोमवारी कॅशियर बाईंनी पुन्हा नेट घालवले. मी अण्णांना फोन लावला. त्यांनी दोन्ही जुने सर्व्हर शनिवारीच एकदम उतरवून भंगारात काढले होते.

"अहो साहेब," ते अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमचं आपोआप होतंय म्हणाला होता न्हवं? म्हणून म्हटलं, सुट्टीचं कशाला तुम्हाला त्रास द्यायचा!"