बेडूक कशाला हवाय?

काल रात्री साडेअकराला माझी बारावीतली लेक डोळे मिटून बेडकांवरचं कुठलंसं इंग्रजी वाक्य पुटपुटत बसली होती. फॉर्मिक, ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, व्हॅलेरिक, कॅप्रोइक, हा आम्लांचा क्रम चुकू नये म्हणून क्लासच्या सरांनी दिलंय म्हणे, वाक्यातल्या एकेका शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एकेक आम्ल. माझं डोकंच फिरलं.

अहो, बेडूक कशाला हवाय? फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. ते आम्ल पहिल्यांदा मुंग्यांमधूनच काढलं. ॲसिटम म्हणजे व्हिनेगर. ब्युटिरम म्हणजे लोणी, आणि लोणी खवट झालं की नाकात जातो तो वास याच आम्लाचा. कॅप्रोइकमध्ये तर चक्क बोकड आहे! सांगायला दोन मिनिटं लागतात. दीड लाख फी घेता आणि पोरांसाठी दोन मिनिटं नाहीत?

आणि 'आता आयुपॅकची, म्हणजे रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेनं ठरवलेली, नावं असतात' हे मला ऐकवू नका. ब्युटेन या गॅसच्या नावातला 'ब्युट' त्या लोण्यातूनच आलाय. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपर्यंत लोणी पोचलंय, पण वर्गात त्याचा पत्ता नाही.

खरी तिडीक पुढेच आहे. ॲनिलीन या रसायनाचं नाव कुठून आलं, असं तिने वर्गात विचारलं होतं. उत्तर काय? "परीक्षेत येत नाही, पुढे चला." अरे, तो शब्द आपला आहे! संस्कृतात नीली, अरबीत अन-नील, पोर्तुगीजांकडे अनिल. 1840 च्या सुमारास फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने नीळ पोटॅशबरोबर तापवून तेल काढलं आणि त्याला ॲनिलीन म्हटलं. माझी आजी शेवटच्या पाण्यात धोतरं बुचकळताना 'नीळ जास्त झाली गं' म्हणायची, तोच हा शब्द. बेंझीन या रसायनाचंही तसंच. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो ऊद, म्हणजे अरबांचा 'लुबान जावी'. युरोपात जाता जाता पुढचा 'लु' गळला, बेंझोइन झालं, त्यातून बेंझोइक आम्ल मिळालं, आणि ते चुन्याबरोबर तापवून मिचरलिख या रसायनशास्त्रज्ञाने बेंझीन काढलं. हीच अभिक्रिया पोरं वहीत उतरवतात आणि ऊद मात्र कुणालाच माहीत नसतो.

रात्री हे सगळं सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "मग आम्हाला हे का नाही सांगत?" काय उत्तर देऊ मी तिला? सकाळी सातला टेस्ट होती. रिक्षात बसताना पुन्हा तेच बेडकांचं वाक्य चाललं होतं.