माझ्याच घरात मला परवानगी नाही

शनिवारी सकाळी दहाला मी जाहीर केलं की आजपासून घरात पेनड्राइव्ह बंद. बायकोने मान वर न करता विचारलं, "किती वेळ जाणार आहे?" मी म्हणालो, अर्धा तास. त्यावर ती जी हसली ना, तिथेच मी थांबायला हवं होतं.

तर घरी नॅस आणलाय. म्हणजे हार्डडिस्कची पेटी, राउटरला वायरने जोडायची आणि सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून, फोनवरून तीच वापरायची. आत ४ टीबीच्या २ डिस्क, दोन्हीवर तोच माल लिहायचा म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत, याला रेड १ म्हणतात. म्हणजे ८ चे ४ झाले ते मी समजून उमजून केलं होतं, पण विंडोज साडेतीनच्या जरा वर दाखवत होतं. डिस्कवाले हजाराने मोजतात नि विंडोज १०२४ ने, हे मी बायकोला नीट समजावलं. "म्हणजे आठ आणले आणि साडेतीन मिळाले," ती म्हणाली. हिशोबात चूक काढायला जागा नव्हती.

मग चौघांचे चार युजर, चार पासवर्ड, प्रत्येकात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. कागदावर लिहून ठेवले, आणि आमच्याकडे कागद टिकत नाहीत म्हणून त्या कागदाचा फोनवर फोटोही काढून ठेवला. स्वतःची पाठ थोपटावी इतकी हुशारी वाटली तेव्हा.

आता परवानग्या. लेकीने हिशोबाच्या फोल्डरला हात लावू नये म्हणून मी 'घर' नावाच्या ग्रुपला तिथे 'नो ॲक्सेस' दिला आणि स्वतःला वेगळा रीड-राइट दिला. पण मीही 'घर'मध्येच होतो (कुठे जाणार?) आणि या पेटीचा नियम असा की दहा ठिकाणी हो असलं आणि एका ठिकाणी नाही असलं तर नाहीच. पेटी माझी, डिस्क माझ्या, ॲडमिन मी, आणि मलाच बाहेर उभं केलेलं. लेक म्हणाली, "बाबा, आता कळलं ना मला कसं वाटतं ते?"

ते निस्तरलं तर एरर १२१९. झालं असं की बायकोचं फोल्डर उघडतंय का बघायला मी माझ्या लॅपटॉपवरून तिच्या नावाने आत गेलो होतो, मग माझ्या नावाने जायला लागलो तर विंडोज म्हणतं एकाच सर्व्हरवर एका माणसाने दोन नावांनी यायचं नाही. चूक नाही त्याचं, पण हे त्याने ज्या भाषेत सांगितलं ती कळायला मला दोन तास लागले, त्यात राउटर तीनदा बंद-चालू केला, वायर बदलली, पेटीला दोन शब्द ऐकवले. शेवटी कमांड लिहायच्या त्या काळ्या खिडकीत 'नेट यूज' टाइप करून जुनी कनेक्शनं डिलीट केली नि एका सेकंदात आत.

तोवर संध्याकाळ झाली होती आणि अण्णांना जुने फोटो टीव्हीवर बघायचे होते. त्यांच्या टीव्हीला जोडलेला मीडिया प्लेअर इतका जुना की त्याला एसएमबी १ सोडून काहीच येत नाही. हे एसएमबी म्हणजे फोल्डर शेअर करायची बोली, मूळ १९८० च्या दशकातली, आणि तिच्या या पहिल्या अवताराच्या भोकातूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर शिरला होता. त्यामुळे ते चालू करणार नाही असं मी अण्णांना ठामपणे सांगितलं, सुरक्षेवर दहा मिनिटं बोललो. अण्णा म्हणाले, "बरं. पण फोटो कधी दिसणार?"

मग दुसरा रस्ता सापडला, डीएलएनए. पेटीवर मीडिया सर्व्हर चालू करायचा, टीव्ही आपला आपण शोधून घेतो. युजर नाही, पासवर्ड नाही, काही नाही. कुठली फोल्डरं दाखवू असं त्याने विचारलं, दिवसभराने हात इतके दमले होते की मी 'सगळी'वर टिक केलं.

आणि लागलं की हो! पहिल्याच झटक्यात! मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं, सोफ्यावर ओळीने बसवलं, अण्णांनी रिमोट दाबला. नवीन फोटो आधी येतात हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या फोनचे फोटो आपोआप माझ्या खाजगी फोल्डरमध्ये जातात हे मी सकाळीच मोठ्या हौसेने सेट केलेलं विसरलो होतो. आधी एरर १२१९ चे अकरा फोटो आले, वेगवेगळ्या कोनांतून. मग राउटरची मागची बाजू. मग माझ्या अक्षरातला तो कागद, चार नावं, चार पासवर्ड, अख्ख्या टीव्हीभर.

"थांबा थांबा अण्णा, पुढे नका जाऊ," बायको म्हणाली, "मला माझा लिहून घेऊ दे."