खोली नंबर तीनचा नर

ताडोबाला जायचं तर मे महिन्यातच, असं एका मित्राने सांगितलं. पाणी आटलेलं असतं, वाघ पाणवठ्यावर येतात, पानगळ झाल्यामुळे लांबवरचं दिसतं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्याच महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हेही खरंच, पण तेवढं तो बोलला नाही. तो स्वतः डिसेंबरात जाऊन आला होता.

लॉज पर्यावरणस्नेही होता. मातीच्या भिंती, वर कौलं, एसी नाही, टीव्ही नाही, प्लास्टिकची बाटली नाही. दिवा इतका मंद, की तो लागलाय का हे बघायला टॉर्च लावावा लागे. "इथे प्राणी यजमान आणि आपण पाहुणे," मॅनेजर हात जोडून म्हणाला. आमच्यात पाहुण्यांकडून आगाऊ पैसे घ्यायची पद्धत नाही, पण असो. सौर हीटरमुळे गरम पाणी चोवीस तास, ही जाहिरात मात्र शंभर टक्के प्रामाणिक निघाली. दोन्ही नळांना गरमच. पहाटे जरा निवलेलं पाणी हवं असेल तर रात्रीच बादली भरून ठेवा, असा सल्ला मिळाला.

रात्री अकरा वाजता त्या बादलीत हात घातला आणि यजमान भेटले.

मी ओरडलो. मोठ्याने ओरडलो, असं बायको म्हणते. शेजारच्या दोन्ही कॉटेजमधली माणसं टॉर्च घेऊन धावत आली आणि आमच्या बाथरूमच्या दारात, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत, पाच मिनिटं गर्दी करून उभी राहिली. बादलीच्या काठाला एक पिवळट तपकिरी झाडबेडूक चिकटून बसला होता. बोटांच्या टोकांना चकत्या, डोळ्यांत आमच्याविषयी संपूर्ण अनास्था. "उन्हाळ्यात ओलाव्याला येतात हे घरात," मॅनेजर कौतुकाने म्हणाला. "काढू नका हं, त्याचीच जागा आहे ती."

पहाटे चारला उठून मोहर्ली गेटवर. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाइल न्यायला बंदी, तेव्हा हातांचं काय करायचं हा प्रश्न होता. जिप्सीत आम्ही सहा जण, शिवाय ड्रायव्हर आणि गावातलाच एक तरणा गाइड. त्याने आवाजांचं शास्त्र समजावलं. "वानेर झाडावरून बघते जी, त्याचा कॉल चांगला. चितळ उगाच घाबरते, पान हललं तरी ओरडते. पण सांबरानं कॉल देल्ला, तर समजाचं, वाघ हायेच."

"म्हणजे काल रात्रीचा कॉल चितळाचा होता," बायको पुटपुटली.

चार तासांत मोर पाहिले, रानगवे पाहिले, चिखलात वाघिणीच्या पंज्याचे ठसे पाहिले. गाइड म्हणाला, ताजे आहेत, आत्ताच गेली जी. संध्याकाळच्या फेरीलाही ती आत्ताच गेली होती. जंगलाचं कोअर आणि त्याभोवतीचा बफरचा पट्टा मिळून क्षेत्र सतराशे चौरस किलोमीटरहून जास्त आहे. तिला जायला जागा भरपूर आहे.

खरा छळ जेवणाच्या टेबलावर. तिथे "नमस्कार" म्हणत नाहीत, "झाली का साइटिंग?" म्हणतात, म्हणजे वाघ दिसला का. झालेली माणसं वरण वाढून घेतानाही सावकाश हलतात. एक काका तर वाघांबद्दल भाचे-पुतणे असल्यासारखे बोलत होते. माया अशी होती, मटकासुर तसा होता, कुणाची हद्द कुठवर आणि कुणी कुणाला कधी हुसकावलं. मग माझ्याकडे वळून, आजाऱ्याची चौकशी करावी तसं, "तुमचं काय?"

"आमचा एक नर आहे," बायकोने शांतपणे सांगितलं. "खोली नंबर तीनमध्ये. हद्द बादलीपासून आरशापर्यंत. रोज रात्री अकराला पाण्यावर येतो."

टेबल गप्प झालं. नर कशावरून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मलाही ते आजतागायत माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मंगळवार निघाला. मंगळवारी कोअर बंद असतं, हे बुकिंग करणाऱ्या माझ्या भाच्याला वगळता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुपारभर माणसं व्हरांड्यात ओले टॉवेल डोक्यावर घेऊन पडली होती. करमेना, तशी रात्री साडेदहापासून मंडळी आमच्या खोलीकडे सरकू लागली. अकराला तो आरशामागून निघाला, भिंतीवरून दोन उड्या मारून काठावर बसला. "हलू नका," काका कुजबुजले. एका मुलीने कॅमेरा काढला, तर तिला फ्लॅश बंद करायला मीच सांगितलं, तेही गाइडच्या आवाजात.

निघायच्या सकाळी जेवणघरातल्या फळ्यावर आमच्या नावापुढे वाघाच्या रकान्यात शून्य होतं. बायकोने खडू घेऊन खाली वेगळी ओळ आखली: 'बादल्या, नर, तीन रात्रींत तीन वेळा.'

सामान गाडीत टाकताना मॅनेजर नव्या जोडप्याला खोल्या दाखवत होता. "तीन नंबर देऊ?" तो म्हणाला. "थोडे जास्त पडतील."