वाईनरीला जायला गाडी कशाला, एसटी आहे ना

आमच्याकडे ठाण्यात वाईनरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, गाडी कोणाची काढायची? आणि गाडी ठरली की दुसरा, येताना चालवणार कोण? म्हणजे एक जण बिचारा तिथे जाऊन पाणी पीत बसणार, नाहीतर "दोन घोटांनी काय होतंय रे" म्हणत कोणीतरी तसाच कसारा घाट उतरणार. याचा मला मनापासून राग येतो. माझं स्पष्ट मत आहे की नाशिकच्या वाईनरी बघायच्या तर एसटीने आणि पायी. पैसे वाचतात हे आहेच, पण उद्या हातात भरपूर पैसे आले तरी मी अशीच जाईन.

ठाण्यातल्या खोपट एसटी स्टँडवरून सकाळची जितकी लवकरची मिळेल ती नाशिक गाडी पकडायची, कारण माजिवड्यापासून भिवंडी बायपासपर्यंत एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलात की दिवसाची वाट लागली. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे चार मैत्रिणींचा जाण्यायेण्याचा खर्च पेट्रोल आणि टोलच्या जवळपासही जात नाही. अजून स्वस्तात हवं असेल तर लोकलने कसारा आणि स्टेशनबाहेरून शेअर गाडी. नाशिकात उतरलं की गंगापूर रोडने गंगापूर गाव, गिरणाऱ्याकडे जाणारी सिटीलिंक, म्हणजे नाशिकची शहर बस, बघायची, कंडक्टरला सुला वाईनरी म्हटलं की तो सांगतो कुठे उतरायचं ते. तिथून पुढे चालत. सुला आणि यॉर्क या दोन वाईनरी एकमेकांपासून पायी जाण्याइतक्या जवळ आहेत, सोमा गंगावऱ्याला, थोडी लांब, तिथे रिक्षा केली तरी चालेल.

आता चालायचं कशाला, तर बागा बघायला. गाडीतून सगळ्या द्राक्षबागा सारख्याच दिसतात. पायी गेलात की कळतं की खायच्या द्राक्षांचा वेल डोक्यावर मांडवावर नाहीतर वाय आकाराच्या अँगलवर पसरलेला असतो, आणि वाईनचा बहुतेक ठिकाणी तारांवर सरळ उभा बांधलेला, कुंपणासारखा. मणीसुद्धा वेगळा, खायच्या थॉमसन जातीसारखा लांबट बिनबियांचा नाही, बारीक, जाड सालीचा, आत बिया. रेड वाईनला रंग येतो तो त्या सालीतून, रस बहुतेक काळ्या द्राक्षांचाही फिकाच असतो, म्हणून रेड करताना रस सालींसकट आंबवतात आणि व्हाईटला साली आधीच बाजूला काढतात. हे मी आधी कितीदा वाचलं होतं पण टाकीसमोर उभं राहून ऐकलं तेव्हा डोक्यात बसलं.

आणि वेळ साधा जानेवारी ते मार्चची. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काढतात, आपल्याकडे तेव्हा पाऊस नुकताच सरत असतो, घड धरला तर कुजून जाईल. म्हणून आपले शेतकरी वर्षात दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाच्या शेवटाला गोडी छाटणी, म्हणजे माल थंडीत पिकतो. अख्ख्या नाशिकच्या वाईनचं गणित या दोन छाटण्यांवर उभं आहे, आणि लोक तिथे जाऊन फक्त बॅरलसमोर फोटो काढून परत येतात, वाईट वाटतं हो.

पैसे खर्च करायचे ते टूर आणि टेस्टिंगवर. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ या व्हाईट, शिराझ ही रेड, असं थोडं थोडं ओतून देतात, फिकीपासून गडदकडे, घाई न करता वास घेत प्यायचं, नको वाटली तर सरळ टाकून द्यायची, त्यात लाज कसली. जेवण मात्र तिथल्या रेस्टॉरंटमध्ये नको, आधी नाशिकात मिसळ खाऊन जा, रिकाम्या पोटी टेस्टिंग अजिबात करू नका. बाटल्याही तिथून वाहून आणू नका, बऱ्याचशा वाईन ठाण्यातल्या दुकानात मिळतात. आणि शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी गर्दी कमी असते त्यामुळे माहिती देणारी मुलंही निवांत बोलतात.

एक गोष्ट मात्र खटकते. एका वाईनरीच्या गेटवर आम्हाला विचारलं, गाडी कुठे लावली? बसने आलो म्हटल्यावर तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. आत पार्किंगच्या पाट्या होत्या, बस कुठे मिळेल याची एकही नाही. बाहेर रस्त्याला फुटपाथ नाही, बाजूने गाड्या सुसाट, आणि संध्याकाळी परतीची बस कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून उजेड असतानाच निघावं लागतं. सुलाने टेस्टिंग रूम उघडली २००५ ला, नाशिक व्हॅली वाईनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१० मध्ये, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण तर २००१ चं. म्हणजे सरकारलाही हे हवंय, वाईनरीवाल्यांनाही हवंय. मग जिथे दारू पाजण्याचा परवाना देता तिथून लोकांना गाडी न चालवता घरी जायची सोयही बघा ना. संध्याकाळी उशिरापर्यंत दर तासाला एक बस, चालायला धड कडेचा रस्ता आणि गेटवर बसचं वेळापत्रक, एवढंच मागतेय. आणि वाईनरीच्या मालकांनी मनावर घेतलं तर वेळापत्रकाचा बोर्ड उद्यासुद्धा लागू शकतो, त्याला कुठल्या मंजुरीची गरज नाही.