मोकळेच ना आता तुम्ही?

५८ पूर्ण झाली, शाल-श्रीफळ घेतलं, म्हटलं आता दुपारी तासभर आडवं पडू. कसलं काय! टँकर आला, काकांना उठवा. गॅसवाला यायचाय, काका असतातच घरी. नातवाची व्हॅन चुकली, आजोबा आहेत की! वर प्रत्येकाचं तेच पालुपद, ‘मोकळेच ना आता?’ अहो, नोकरीत निदान रविवार तरी मिळायचा!

त्यात आला नोव्हेंबर. पेन्शनसाठी हयातीचा दाखला. मी धडधडीत जिवंत समोर उभा, आणि यंत्र म्हणतं अंगठा जुळत नाही. पुसला, शर्टाला घासला, परत दाबला. लाल दिवा. ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ॲपवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण ते काउंटरवर सांगणार कोण? तिथला मुलगा मान वर न करता म्हणतो, ‘काका, बोटं झिजलीत तुमची. उद्या या.’

झिजणारच! जन्मभर फायली उलटल्यात.